झिंकचं मलम

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला मी सव्वीस वर्षं पाण्यात पाहत आलोय आणि त्याचं मला कधी वाईट वाटलेलं नाही. काही माणसं त्याच लायकीची असतात. भाऊजी पेशाने कंपाउंडर. चौतीस वर्षं एका दवाखान्याच्या खिडकीमागे उभं राहून त्यांनी मिश्रणं केली, पुड्या बांधल्या, खलात मलमं घोटली आणि निवृत्त झाल्यावर तोच दवाखाना घरी आणला. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असते आणि चिठ्ठीवर तारीख असते. शाम्पूची बाटलीसुद्धा ते आधी हलवतात, मग उघडतात. कुठल्याही खोक्यातून बारीक अक्षरांचा कागद निघाला की चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचतात आणि घडी घालून खणात ठेवतात. बोलायला लागले की एका वाक्यात चहा गार होतो. माझी ताई लहानपणी भिंतीवर खडूने अशी घरं काढायची की शेजारपाजारचे बघायला यायचे. तिला आमच्या बाबांनी या माणसाच्या गळ्यात बांधलं. कारण काय, तर मुलगा निर्व्यसनी आहे. निर्व्यसनी तर खुर्चीही असते.

मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. दुकानाच्या पाटीवर 'कॉम्प्युटर डॉक्टर' लिहिलंय, म्हणून अख्ख्या गल्लीत मला डॉक्टरच म्हणतात. मला आवडतं. डॉक्टरने कंपाउंडरकडे कसं बघायचं हे काही कुणी शिकवावं लागत नाही.

त्या दिवशी सकाळी साडेआठला ताईचा फोन आला. ताई सकाळी फोन करणाऱ्यांतली नाही.

"कॉम्प्युटर बंद पडतोय," ती म्हणाली. "चित्रं काढायला लावली की सात-आठ मिनिटांत बंद. काल दुपारपासून चाललंय. आणि आज पाचला मुदत संपते."

"मग काल का नाही केलास फोन?"

"तू ह्यांना बोलशील म्हणून."

"येतो," मी म्हणालो. "तोवर कुणी हात लावू नका म्हणावं."

कुणी म्हणजे कोण, ते तिला कळलं. तिने फोन ठेवला.

मुदत कसली ते सांगायला हवं. ताई सत्तावीस वर्षं एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते. नकाशाच्या कोपऱ्यात एक चौकट असते. त्यात 'रचना' या शब्दापुढे साहेबांचं नाव येतं आणि 'रेखाटन' या शब्दापुढे ताईची दोन अक्षरं. साहेबाला सरळ रेघ मारायची तर पट्टी लागते आणि पट्टी धरायला ताई लागते. किती इमारतींच्या खिडक्या कुठे असाव्यात ते तिने ठरवलंय, आणि उद्घाटनाच्या फोटोत सगळीकडे तो ढेरपोट्या. त्या वर्षी एका छोट्या वाचनालयाच्या इमारतीसाठी खुली स्पर्धा निघाली आणि ताईने चौपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा स्वतःच्या नावाने एक इमारत काढली. ऑफिसात तिने कुणाला पत्ता लागू दिला नाही, कारण साहेबही त्याच स्पर्धेत उतरले होते. पाच महिने ती रोज ऑफिसातून आली की टेबलाशी बसत होती. नकाशे तयार होते, टिपणं तयार होती, फक्त सहा चित्रं राहिली होती. इमारत बांधून झाल्यावर आतून-बाहेरून कशी दिसेल, ऊन कुठे पडेल, सावली कुठे, हे सगळं कॉम्प्युटर स्वतः मोजून रंगवतो. एका चित्राला चाळीस मिनिटं, म्हणजे सहांना चार तास. सहातलं एक जरी कमी असलं तरी प्रवेश बाद, असा नियम.

साडेआठ ते पाच. मी मनात म्हटलं, दहा वाजेपर्यंत हे काम फत्ते करून दुकान उघडतो.

त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली ताईचं टेबल, टेबलावर दोन मोठे स्क्रीन, टेबलाखाली काळा कॅबिनेट. मी पोचलो तेव्हा कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढलेलं होतं आणि समोर स्टुलावर टेबलफॅन ठेवला होता, आजाऱ्याला वारा घालावा तसा. हा कॉम्प्युटर तीन वर्षांपूर्वी मीच जोडून दिला होता. प्रोसेसर, म्हणजे सगळी आकडेमोड करणारी ती चिप, काम करताना भयंकर तापते. सर्वसाधारण माणसं तिच्यावर एक साधा पंखा बसवतात. मी ताईसाठी साधं काही बसवणार नव्हतो. मी पाण्याचा कूलर लावला होता. प्रोसेसरवर धातूचा ठोकळा, ठोकळ्यात छोटा पंप, त्यातून निघणाऱ्या दोन रबरी नळ्या, आणि त्या नळ्या वर जाऊन मिळतात एका जाळीला. जाळीवर दोन पंखे. पाणी खालची उष्णता उचलून वर नेतं आणि गार होऊन परत येतं. त्याला निळा दिवाही लागतो.

"काय काय केलंत?" मी भाऊजींना विचारलं. बिघाड कुठून सुरू झाला असणार याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

भाऊजी उभे राहून सांगू लागले. "महिन्याभरापूर्वी थोडा तापायला लागला. मी खोक्यातला कागद वाचला. प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामध्ये एक लेप असतो आणि तो दोन-तीन वर्षांनी वाळतो. म्हणून तो पुसून नवीन लावला."

"कुठून आणलात?"

"केला."

"काय केला?"

"लेप. कागदावर घटक दिले होते. झिंक ऑक्साइड आणि सिलिकॉनचं तेल. झिंक घरात होतं. सिलिकॉनचं तेल मिळालं नाही म्हणून पॅराफिन घेतलं. अर्धा तास खलात घोटलं. अगदी मऊ झालं होतं."

मी ताईकडे बघितलं. ताई खिडकीबाहेर बघत होती.

"म्हणजे अंगावरच्या पुरळाला लावतात ते मलम तुम्ही प्रोसेसरला लावलंत."

"प्रमाण वेगळं होतं," भाऊजी म्हणाले.

मी हसलो. पोट धरून हसलो. बावीस वर्षांत मी कॉम्प्युटरच्या पोटातून काय काय काढलंय, पेन्सिलीचे तुकडे, वाळलेली पाल, एकदा एका वकिलाची कवळी. पण मलम लावलेला प्रोसेसर मी पहिल्यांदा बघत होतो. "वरून पट्टी नाही बांधलीत?" मी विचारलं.

"तशी गरज नव्हती," ते म्हणाले. या माणसाला टोमणासुद्धा धड लागत नाही. "त्याने उतरलं होतं तापमान, दहा-बारा अंशांनी. आठवडाभर बरं होतं, मग पुन्हा चढलं. म्हणून मला वाटतं कारण दुसरं असावं. डॉक्टर, तू जरा त्या नळ्यांना हात लावून बघ. एक चटका बसेल इतकी गरम आहे आणि दुसरी गार. वरची जाळीपण गार. अंग तापलेलं आणि पाय गार असले की आमच्याकडचे मोठे डॉक्टर म्हणायचे, रक्त नीट फिरत नाहीये..."

"भाऊजी, हा कॉम्प्युटर आहे. त्याला फ्लू झालेला नाही."

"नाही, मी आपलं..."

"तुम्ही आपलं चहाचं बघा."

ते चहाचं बघायला गेले.

मी मशीन सुरू करून सेटिंगच्या पानावर गेलो. तिथे पंपाचा वेग दिसतो. मिनिटाला अठ्ठावीसशे फेरे, जसे असायला हवेत तसे. पंप ठणठणीत होता. नळीला हात लावून रोग ओळखायचे दिवस गेले, म्हणून मशीनमध्ये आकडे दिलेले असतात. मी नळ्यांना हात लावला नाही.

"नाहीतर असं करूया का," ताई म्हणाली, "तुझ्या दुकानातल्या एखाद्या मशीनवर टाकूया सगळं. ऑफिसात तर नेता येणार नाही."

दुकानात एका गिऱ्हाइकासाठी जोडलेलं दणकट मशीन उभं होतं, संध्याकाळपर्यंत ते कुणी न्यायला येणार नव्हतं. ते आणायला अर्धा तास आणि ताईचं सॉफ्टवेअर त्यावर चढवायला तासभर. साडेदहाला चित्रं सुरू झाली असती. हे सगळं मला तेव्हाच माहीत होतं.

"कशाला तो खटाटोप," मी म्हणालो. "मलम पुसायला दहा मिनिटं लागतात."

मी ठोकळा उतरवला. खाली मलम होतं. पांढरं, पातळ, सगळीकडे एकसारखं, एक बुडबुडा नाही, कडेला एक थेंब सांडलेला नाही. दुकानात मी स्वतः लावतो तेव्हा इतकं साफ लागत नाही. मी मोठ्याने "शी" म्हणालो आणि कागदाने पुसून तो कागद मुद्दाम टेबलावर उघडा ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. मग माझ्या पेटीतली चांगली पेस्ट लावली, ठोकळा बसवला आणि चित्र सुरू केलं.

चाळीस अंश. साठ. ऐंशी. भाऊजी चहा घेऊन आले आणि दारात थबकले. त्र्याण्णव. सत्त्याण्णव. सहाव्या मिनिटाला दोन्ही स्क्रीन काळे झाले.

"पेस्ट बसायला वेळ लागतो," मी म्हणालो. असं काही नसतं.

त्यानंतर मी काय काय केलं ते सांगायची मला लाज वाटते, पण सांगतो. ब्लोअरने धूळ उडवली. धूळ नव्हतीच, कारण भाऊजी दर रविवारी रंगाच्या ब्रशने आतून झाडत होते, असं ताई म्हणाली. ठोकळा पुन्हा उतरवला आणि पेस्ट जरा कमी लावली. बंद. मग जरा जास्त लावली. बंद. वरचे पंखे उलटे करून बसवले, मग पुन्हा सुलटे. सेटिंगं मूळपदावर आणली, त्यात पाऊण तास गेला. प्रोसेसरला मिळणारी वीज कमी करून बघितली, तेव्हा तो तापला नाही, पण एका चित्राला साडेतीन तास लागतील असं दाखवायला लागला. प्रत्येक वेळी मशीन गार व्हायला थांबायचं, सुरू करायचं, तो आकडा चढताना बघायचा. आणि प्रत्येक वेळी मी म्हणत होतो की मलमाचा अंश कुठेतरी आत राहिलाय. तेल झिरपलं असणार. पॅराफिन फार वाईट. ताईसमोर म्हणत होतो, भाऊजींना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

अकराच्या सुमाराला भाऊजी पुन्हा आले. "ते दुसरं मशीन आणायचं का? मी जातो हवं तर. सांभाळून आणीन."

"तुम्हाला काय वाटतं, मला माझं काम येत नाही?"

"तसं नाही. वेळ जातोय म्हणून म्हटलं."

"वेळ तुमच्या मलमाने घालवलाय," मी म्हणालो. ते गेले. ताई म्हणाली, "हळू बोल रे." आणि मग घड्याळाकडे बघून म्हणाली, "पण खरंच, होईल ना?" तिचा आवाज बारीक झाला होता. तो आवाज मी बाबा आजारी असताना ऐकला होता, त्यानंतर नाही. तेव्हा तरी मला अक्कल यायला हवी होती. मी म्हणालो, "होईल गं, मी आहे ना."

एक वाजून दहा मिनिटांनी मी ठोकळ्याचे स्क्रू चौथ्यांदा आवळत होतो. ताई आत चुरचुरणाऱ्या डोळ्यांवर पाणी मारायला गेली होती. माझं मनगट नळीला टेकलं आणि मी हात झटकला. चटका बसला होता. मी दुसऱ्या नळीला बोट लावलं. गार. वर जाळीवर तळवा ठेवला. फरशीसारखी गार. पंपाची मोटर फिरत होती, तो आकडा खरा होता, पण तीन वर्षांत आतल्या पाण्याचा गाळ होऊन ठोकळ्यातल्या बारीक फटी बुजल्या होत्या. मोटर जागच्या जागी फिरत होती आणि पाणी हलत नव्हतं. मलमाचा याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. उलट मलमाने एक आठवडा काढून दिला होता.

मी मान वर केली. भाऊजी दारात उभे होते. त्यांनी माझा तळवा जाळीवर बघितला आणि मग माझ्या तोंडाकडे बघितलं. आता हा माणूस हसणार, निदान 'मी म्हटलं होतं' एवढं तरी म्हणणार, आणि म्हणाला तर मला ते गिळावं लागणार. मी वाट बघत राहिलो.

"काही आणायचं असेल तर मी जाऊन येतो," ते म्हणाले.

"मीच जातो," मी म्हणालो.

दुकानात साधा पंख्याचा कूलर पडून होता. ज्या साध्या कूलरला मी तीन वर्षांपूर्वी नाक मुरडलं होतं, तसलाच. दुसरं मशीन उचलून आणायचा विचार केला, पण आता सॉफ्टवेअर चढवण्यात जाणारा तास परवडणारा नव्हता. पळत परत आलो. तो कूलर बसवायला मागून पट्टी लावावी लागते, म्हणजे अख्खा बोर्ड बाहेर काढायचा, सगळ्या वायरी सोडवायच्या. भाऊजी न सांगता बाजूला बसले आणि मी काढलेला प्रत्येक स्क्रू एका कागदावर ओळीने मांडत गेले, कुठला कुठून निघाला ते शेजारी लिहून. त्यामुळे पंधरा मिनिटं तरी वाचली.

दोन वाजून पन्नास मिनिटांनी चित्र सुरू झालं. पन्नास अंश, साठ, चौसष्ट. चौसष्टवर आकडा थांबला आणि हललाच नाही. मशीन गपगार, शहाण्यासारखं काम करायला लागलं.

ताईने कागदावर हिशेब केला. चित्रांचा दर्जा उतरवला तर एकाला पंचवीस मिनिटं. सहांना दीडशे. हातात होती एकशेतीस. त्याहून दर्जा उतरवला तर भिंतींवर ठिपके दिसतात, तसलं पाठवण्यापेक्षा न पाठवलेलं बरं. तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "बघू." मग आम्ही तिघं त्या स्क्रीनसमोर बसलो.

चित्र एकदम येत नाही. आधी काळा पडदा असतो आणि त्यावर छोटे छोटे चौकोन एकामागून एक भरत जातात. मी ताईची ती इमारत तोवर बघितलीच नव्हती. पाच महिने ती काय करतेय हे मी विचारलं नव्हतं, मला आपलं माहीत होतं की ताई काहीतरी काढतेय. पहिल्या चित्रात बाहेरून एक बुटकी, लांबट इमारत आली, दोन जुन्या झाडांना वळसा घालून गेलेली. दुसऱ्यात लहान मुलांची खोली होती, आणि तिथल्या खिडक्या जमिनीपासून जेमतेम हातभर उंचीवर होत्या. मी म्हटलं, खिडक्या इतक्या खाली का. ताई म्हणाली, "मुलं जमिनीवर बसून वाचतात ना. मान वर केली की बाहेरचं दिसायला हवं." तिसऱ्यात म्हाताऱ्या माणसांसाठी खुर्च्या होत्या, त्यांच्या हातांना काठी अडकवायला खाच होती. चौथ्यात जिना. पायऱ्या इतक्या रुंद की अर्ध्या भागात माणसं बसून वाचताहेत आणि उरलेल्या अर्ध्यातून माणसं चढताहेत. मला इमारतींतलं काही कळत नाही. पण मला त्या जिन्यावर जाऊन बसावंसं वाटलं, आणि मी मनात त्या साहेबाला शिव्या घातल्या, आणि मग शिव्या घालायला साहेब कशाला हवेत हे माझ्या लक्षात आलं.

पाचवं चित्र चार पंचावन्नला पूर्ण झालं.

ताईने सहाव्याची वाट बघितली नाही. त्या जागी तिने साधं रेघांचं चित्र जोडलं, बिनरंगाचं, निदान सहा आकडा तरी भरावा म्हणून. चार सत्तावन्नला बटण दाबलं. निळी पट्टी सरकायला लागली. फायली जड होत्या. साठ टक्के, एकाहत्तर, ब्याऐंशी. भाऊजींनी ताईच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला होता. एक्याण्णववर पट्टी थांबली, पान आपोआप बदललं आणि मजकूर आला: मुदत संपली आहे, आपण दाखवलेल्या रुचीबद्दल आभारी आहोत.

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, ते पीं पीं तेवढं ऐकू येत होतं. ताई रडली नाही. तिने पाचही चित्रं एकेक करून बंद केली. मग खुर्ची वळवली आणि विचारलं, "नक्की काय बिघडलं होतं रे?"

मी तोंड उघडलं. मी खरं सांगणार होतो. निदान माझी तशी समजूत आहे. वाक्य जुळवायला मला दोन सेकंद जास्त लागले, एवढंच.

"माझं मलम," भाऊजी म्हणाले. "आत झिरपून घट्ट बसलं होतं. ते निघेना. डॉक्टरचा सगळा दिवस ते काढण्यात गेला, शेवटी कूलरच बदलावा लागला."

ताईने माझ्याकडे बघितलं. "हो का?"

भाऊजी माझ्याकडे बघत नव्हते. ते टेबलावरचे उरलेले स्क्रू पुडीत बांधत होते.

"हो," मी म्हणालो.

सव्वीस वर्षांत ताईने त्यांच्यावर आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. तेव्हाही तिने चढवला नाही. ती अगदी सावकाश म्हणाली, "अहो, तुम्हाला काडीची अक्कल नाही. कधीच नव्हती. आणि मी सगळ्यांशी भांडत राहिले तुमच्यासाठी." त्यातलं पहिलं वाक्य माझं होतं. तिच्या लग्नापासून मी ते तिच्यासमोर म्हणत आलो होतो, आणि दर वेळी तिने मला गप्प केलं होतं.

"खरंय," भाऊजी म्हणाले.

ते मला सोडायला खालपर्यंत आले. दुसऱ्या मजल्यावर मी थांबलो आणि विचारलं, "कशाला बोललात तसं?"

त्यांनी नेहमीसारखा वेळ घेतला. "माझ्यावर ती रागावेल, महिनाभर बोलणार नाही, मग बोलेल. आम्ही एका घरात राहतो, न बोलून जाणार कुठे? तुझ्यावर रागावली तर तू येणं बंद करशील. मी ओळखतो तुला. मग तिला माहेरचं म्हणायला कोण राहिलं?"

"मी सांगतो तिला. आत्ता वर जाऊन सांगतो."

"सांग की," ते म्हणाले. "मी कुठे नको म्हणतोय."

मी वर गेलो नाही. मी खाली गेलो, आणि त्या माणसाचा मला त्या क्षणी जितका राग आला तितका सव्वीस वर्षांत आला नव्हता. आजवर मी त्याला हसत होतो ते वरून खाली बघून. आता वर बघून हसायची सोय उरली नव्हती.

याला दीड वर्ष झालं. ते वाचनालय तिसऱ्याच कुणाच्या तरी आराखड्यावर बांधलं जातंय, ताईचे साहेबही हरले, तेवढंच समाधान. मलमाची गोष्ट आता घरातला विनोद झालीय. चार नातेवाईक जमले की कुणीतरी विषय काढतं आणि ताई म्हणते, "तू सांग रे, तू छान सांगतोस." मी सांगतो. खलात घोटतानाची नक्कल करतो. लोक हसतात, भाऊजीही हसतात.

गेल्या महिन्यात पुन्हा एक स्पर्धा निघाली, एका शाळेच्या इमारतीची. मी जाहिरात कापून ताईला नेऊन दिली. तिने ती वाचली आणि परत माझ्या हातात दिली. "नको," ती म्हणाली. "घरात असा माणूस असल्यावर कशाला पुन्हा जीव जाळायचा, तूच सांग."

भाऊजी समोरच बसले होते. मी जाहिरात घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणालो, तेही खरंच.